उत्तरेचें रान आणि त्याची वहिवाट

युरोप खंडाच्या नकाशावर उत्तर ध्रुववृत्ताच्या आसपास दृष्टि नेली तर गांवांचे ठिपके विरळ होत जातात आणि नद्या, सरोवरें व डोंगर एवढेंच काय तें उरतें. नॉर्वे, स्वीडन व फिनलंड या तीन देशांचा उत्तर भाग आणि रशियाचें कोला द्वीपकल्प मिळून झालेल्या या विस्तीर्ण मुलखाला तेथील मूळचे रहिवासी 'साप्मी' म्हणतात आणि स्वतःस 'सामी' म्हणवितात. जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख 'लॅप' असा येत असे. तें नांव परक्यांनीं ठेवलेलें, आणि त्याला हेटाळणीचा वास. म्हणून जाणते लोक तें आतां वापरीत नाहींत. चारहि देशांतील सामींची संख्या सामान्यतः ८०,००० ते १,००,००० धरतात. एखाद्या बेताच्या शहरांत मावतील इतकेच हे लोक. परंतु त्यांच्या इतिहासानें एक असा प्रश्न उभा केला आहे कीं, ज्याचें उत्तर देतांना मोठमोठ्या राज्यांचे कायदेपंडितहि अडखळले. तो प्रश्न असा : ज्या भूमीवर नांगर फिरला नाहीं, कुंपण पडलें नाहीं आणि ज्या भूमीचा कागद कोणी करून ठेवला नाहीं, ती भूमि कोणाची?

साप्मीचा स्वीडनमधील एक भाग 'लापोनिया' या नांवानें प्रसिद्ध आहे. सारेक, पाद्येलान्ता, स्तोरा शोफालेट व मुद्दुस हीं चार राष्ट्रीय उद्यानें आणि शाउन्या व स्तुब्बा हीं राखीव क्षेत्रें मिळून सुमारें ९,४०० चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश होतो. प्रवासी रेल्वेनें येलिवारे या गांवापर्यंत जातो, तेथून मोटारनें योकमोकला किंवा डोंगरांच्या पायथ्याशीं असलेल्या क्विकयोक या खेड्यास पोहोंचतो, आणि तेथें रस्ता संपतो. पुढें सारें पायांचें काम. जून महिन्यांत सूर्य मावळत नाहीं, डिसेंबरांत तो उगवत नाहीं. सारेकमध्यें हिमनद्या आहेत, वितळत्या बर्फाच्या पाण्यानें भरून वाहणारे ओढे आहेत, आणि रापा नदीनें लाइताउरे सरोवराशीं केलेला हिरवा-निळा त्रिभुजप्रदेश उंच कड्यावरून पाहिला असतां चित्रकारानें रंगाचे ओघळ सोडावे तसा दिसतो. तेथें ना धर्मशाळा, ना दुकान, आणि आंखलेली वाटहि जवळ जवळ नाहींच. असा प्रवासी घरीं परत आला म्हणजे मोठ्या कौतुकानें सांगतो कीं, मनुष्याचा स्पर्श न झालेलें रान पाहून आलों.

तें सांगणें प्रामाणिक असतें, पण खरें नसतें. त्याच रानांत सरोवरांच्या कांठीं बारकाईनें पाहिलें तर गवतांत बुडालेलीं दगडांचीं वर्तुळें आढळतात. तीं चुलींचीं ठिकाणें होत. कोठें कोठें ओळीनें खणलेले जुने खड्डे दिसतात. रानटी रेनडिअरांना हांकून आणून त्यांत पाडीत असत. हिमयुगाचें बर्फ मागें हटल्यावर सुमारें ७,००० वर्षांपूर्वींपासून या मुलखांत मनुष्याचा वावर आहे असें उत्खननांवरून मानतात. तेव्हां प्रवासी ज्याला रान म्हणतो ती कोणाची तरी वहिवाट आहे. 'वहिवाट' हा आपल्या भाषेंतला शब्द येथें फार उपयोगी पडतो. तो उच्चारतांच पायाखालची वाटहि सुचते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरानें पडलेला हक्कहि सुचतो. सामींच्या इतिहासांत या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करतां येत नाहींत.

ही वहिवाट कशी चालते तें प्रथम पाहिलें पाहिजे. रेनडिअर हा हरणाच्या कुळांतला प्राणी. हिंवाळ्यांत तो पूर्वेकडील सखल अरण्यांत राहतो आणि बर्फ खुरांनीं उकरून खालचें एक करड्या रंगाचें शेवाळ खातो. मसाल्यांत जें दगडफूल घालतात, त्याच्याच वर्गांतली ही वनस्पति. तिची वाढ इतकी मंद असते कीं, एकदां चरलेली जागा पुन्हा भरून यावयास कित्येक वर्षें लागतात. वसंतांत माद्या पश्चिमेकडील डोंगरांकडे वळतात, मे महिन्याच्या सुमारास तेथें वितात, आणि उन्हाळ्यांत गोमाशांच्या व डांसांच्या जाचापासून सुटण्यासाठीं कळप उंचावरील बर्फाच्या पट्ट्यांवर चढतात. मग वासरांना पकडून त्यांच्या कानांस खुणेच्या खांचा पाडतात; प्रत्येक मालकाची खूण निराळी. शरद ऋतूंत पुन्हा पूर्वेकडे. सामी लोक वर्षाचे चार नव्हे, तर आठ ऋतु मानतात, ते या फेऱ्यावरूनच. एका घराण्याची 'जमीन' म्हणजे एक चौकोनी तुकडा नव्हे. ती शेंकडो मैलांची एक लांबट पट्टी असते, आणि वर्षांतील बहुतेक काळ तिच्या बहुतेक भागावर कोणीहि दिसत नाहीं. परंतु दिसत नाहीं म्हणजे नाहीं, असें नव्हे. ही साधी गोष्ट बाहेरच्यांना समजण्यास फार काळ लागला.

बाहेरच्यांचे उल्लेख जुने आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटस यानें इ. स. ९८ च्या सुमारास उत्तरेकडील 'फेन्नी' नांवाच्या लोकांचें वर्णन केलें : कातडीं पांघरणारे, जमिनीवर निजणारे, हाडाच्या टोंकांचे बाण वापरणारे, आणि अत्यंत दरिद्री असूनहि कशाचीच वासना न उरलेले. हे सामींचे पूर्वज असावेत असें पुष्कळ विद्वानांना वाटतें. त्यानंतर सुमारें ८९० मध्यें नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरील ओत्तार नांवाचा एक धनिक इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या दरबारीं गेला. त्याचें निवेदन राजाच्या लेखकांनीं टिपून ठेवलें, तें आजहि उपलब्ध आहे. आपल्या घराच्या उत्तरेचा मुलूख ओसाड आहे असें तो सांगतो. आणि लगेच पुस्ती जोडतो कीं, ठिकठिकाणीं तेथें 'फिन' लोक तळ देऊन राहतात, हिंवाळ्यांत शिकार करतात व उन्हाळ्यांत मासेमारी. सामींना त्या काळीं नॉर्स लोक फिन म्हणत. या लोकांकडून ओत्तारला मिळणाऱ्या खंडणीची यादीहि त्या निवेदनांत आहे : केसाळ कातडीं, पक्ष्यांचीं पिसें, देवमाशाचें हाड, सील व वॉलरस यांच्या चामड्याचे जहाजी दोर. मुलूख ओसाड, पण खंडणी मात्र नेमानें! पुढच्या हजार वर्षांच्या इतिहासाचें सूत्र या एका निवेदनांत सांपडतें.

मध्ययुग संपलें आणि स्वीडन, डेन्मार्क-नॉर्वे व रशिया या तिन्ही सत्ता उत्तरेकडे सरकूं लागल्या. कित्येक सामींना तर एकाच वेळीं दोन दोन, तीन तीन राजांचा कर भरावा लागे. कर वसूल करावा, न्यायनिवाडा करावा आणि धर्म शिकवावा म्हणून स्वीडनच्या राजानें सामी मुलखांत बाजाराचीं ठिकाणें ठरवून दिलीं. त्यांतील योकमोकचा बाजार १६०५ मध्यें प्रथम भरला आणि आजहि दरवर्षीं फेब्रुवारींत, कडाक्याच्या थंडींत भरतो. राजाच्या दृष्टीनें तो कर गोळा करण्याचा दिवस होता. सामींनीं त्याला सोयरिकी जुळविण्याचा, खबरबात घेण्याचा आणि कातड्याच्या बदल्यांत पीठ-मीठ नेण्याचा दिवस करून टाकलें.

१६३४ मध्यें नॉर्वेच्या सीमेजवळील नासाफ्येल या पर्वतावर चांदी सांपडली. स्वीडन त्या वेळीं तीस वर्षांच्या युद्धांत गुंतलेला. त्याला पैशाची निकड होती. पुढच्याच वर्षीं खाण सुरू झाली. त्या वैराण उंचीवर रस्ता नव्हता, घोडा चालत नव्हता. चालत होता तो रेनडिअर. म्हणून भोंवतालच्या सामींनीं आपल्या जनावरांनिशीं धातूची माती वाहून न्यावी असा हुकूम निघाला. वेठ नाकारणाऱ्यांना कठोर शिक्षा झाल्या आणि पुष्कळ घराणीं सीमा ओलांडून पळून गेलीं. १६५९ मध्यें युद्ध चालू असतां नॉर्वेच्या बाजूनें आलेल्या सैन्यानें ती खाण उद्ध्वस्त केली. इतक्या कष्टांनीं निघालेली चांदी खर्चाच्या मानानें थोडीच होती.

१६७३ सालच्या दोन गोष्टी एकमेकींशेजारीं ठेवून पाहण्यासारख्या आहेत. त्या वर्षीं उप्साला विद्यापीठांतील प्राध्यापक योहान्नेस शेफेरुस यांचा 'लॅपोनिया' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्वीडिश सैन्य सामी मांत्रिकांच्या बळावर लढाया जिंकतें अशी आवई युरोपांत उठली होती; ती खोडून काढण्यासाठीं स्वीडनच्या चान्सलरनें हें काम प्राध्यापकांकडे सोंपविलें होतें. शेफेरुस यांनीं पाद्र्यांचे वृत्तान्त जमविले आणि ओलाउस सिर्मा नांवाच्या एका सामी विद्यार्थ्याकडून दोन प्रेमगीतें उतरवून घेतलीं. इंग्रजी भाषांतर पुढच्याच वर्षीं निघालें, आणि त्या गीतांचे अनुवाद पुढें जर्मनी, इंग्लंड व अमेरिका येथील कवींच्या हातीं पडले. त्याच १६७३ मध्यें स्वीडनच्या राजानें एक जाहीरनामा काढला. सामींच्या मुलखांत जाऊन शेतीची वसाहत करणारास कित्येक वर्षें कर माफ आणि सैन्यांतील भरतीहि माफ. सामी चारतात व शिकार करतात, वसाहतवाले नांगरतात. तेव्हां एकाचा दुसऱ्यास उपद्रव होण्याचें कारण नाहीं, असें त्यामागील गृहीत होतें. वस्तुतः वसाहतवाल्याचीं पहिलीं वर्षें मासेमारी व शिकार यांवरच निघत, कारण त्या थंडींत धान्य पिकण्याची शाश्वति नव्हती. एका हातानें सरकार सामींचीं गीतें जगाला दाखवीत होतें आणि दुसऱ्या हातानें त्यांच्या तळ्यांवर वाटेकरी बसवीत होतें.

त्याच शतकाच्या अखेरीस धर्माची सक्ति कडक झाली. सामींच्या घरोघरीं लांकडी चौकटीवर कातडें ताणून केलेला एक डफासारखा ढोल असे. त्यावर सूर्य, रेनडिअर, देवता व मनुष्यें यांचीं चित्रें रंगविलेलीं असत. ढोल वाजवून त्यावरचें निदर्शक कोणत्या चित्रावर थांबतें यावरून शकुन पाहत. जाणते लोक त्याच्या नादानें समाधि लावीत. हे ढोल जप्त झाले व जाळले गेले. आर्येप्लोग येथें १६९३ मध्यें लार्स निल्सन नांवाच्या वृद्ध सामीस त्याच्या ढोलासह व काष्ठमूर्तींसह जाळण्यांत आलें. पाण्यांत बुडालेल्या नातवाला परत आणण्यासाठीं त्यानें ढोल वाजविला होता, असें त्या खटल्यासंबंधीं नमूद आहे. नॉर्वेच्या बाजूस आंदेर्स पौल्सेन याचा ढोल १६९१ मध्यें जप्त झाला आणि डेन्मार्कच्या राजसंग्रहांत जाऊन पडला. तो सामींच्या मालकीचा म्हणून परत मिळाला तो २०२२ मध्यें. म्हणजे तीनशें एकतीस वर्षांनीं.

या मुलखास भेट देणाऱ्यांत सर्वांत कीर्तिमान् ठरला तो कार्ल लिने, म्हणजेच वनस्पतींना शास्त्रीय नांवें देणारा लिनीयस. १२ मे १७३२ रोजीं, पंचविशीला टेंकलेला हा तरुण उप्सालाहून घोड्यावर बसून एकटाच निघाला. तेथील राजकीय विज्ञानसंस्थेनें त्याला तुटपुंजा खर्च दिला होता. लुक्सेलेजवळच्या दलदलींत बर्फाच्या गार पाण्यांतून चालतांना तो इतका हैराण झाला कीं, ही जागा नरकाहून वाईट असें त्याला वाटलें आणि तो मागें फिरला. योकमोकला पोहोंचल्यावर तेथील पाद्री व शाळामास्तर यांनीं त्याला ठांसून सांगितलें कीं, डोंगरावर ढग उतरले म्हणजे ते झाडें, दगड व जनावरें उचलून नेतात. हें काम वाऱ्याचें असतें असें त्यानें परोपरीनें सांगून पाहिलें. त्या दोघां विद्वानांना तें पटलें नाहीं. पुढें क्विकयोकहून तो सामी वाटाड्यांबरोबर डोंगर चढला आणि नॉर्वेच्या समुद्रापर्यंत गेला. त्याच्याहून वयानें पुष्कळ मोठे असलेले ते वाटाडे ओझें घेऊन सहज चालत, आणि हा तरुण धापा टाकी. ते काय खातात, कसे निजतात, दुधाचें काय करतात, रेनडिअरला छळणारी गोमाशी कोणती, हें सारें त्यानें टिपून ठेवलें. १७३७ मध्यें त्याचा 'फ्लोरा लॅपोनिका' हा ग्रंथ ॲम्स्टरडॅम येथें निघाला. त्याच वर्षीं हॉलंडमध्यें त्यानें सामी पोशाख घालून व कमरेस ढोल अडकवून आपली तसबीर काढून घेतली. ज्या ढोलासाठीं पन्नास वर्षांपूर्वीं माणसें मारलीं गेलीं, तो आतां दिवाणखान्यांतील नवलाईची वस्तु झाला होता. तरीहि लिनीयसला एवढें श्रेय दिलें पाहिजे कीं, या मुलखाची माहिती पाद्र्याला किंवा मास्तराला नसून तेथें चालणाऱ्या माणसाला आहे, हें त्यानें ओळखलें.

राज्यकर्त्यांनींहि तें एकदां ओळखलें होतें. १७५१ मध्यें स्वीडन आणि डेन्मार्क-नॉर्वे यांच्यामध्यें पर्वतराजींतून सीमारेषा आंखण्यांत आली. रेनडिअरांना रेषा कळत नाहीं; त्यांचा हिंवाळा एका राज्यांत, तर उन्हाळा दुसऱ्या. म्हणून त्या तहाला ३० कलमांची एक पुरवणी जोडण्यांत आली. जुन्या रीतीप्रमाणें सामींनीं वसंतांत व शरदांत आपल्या कळपांसह सीमा ओलांडावी, दोन्हीकडे भूमि व पाणी वापरावें, आणि दोन्ही राज्यांत युद्ध चालू असलें तरीहि त्यांच्या जाण्यायेण्यास प्रतिबंध होऊं नये, असें तींत स्पष्ट लिहिलें आहे. सामी लोकसमाज टिकून राहावा हा हेतूहि तींत नमूद आहे. अठराव्या शतकांतील दोन राजांनीं एका लहान लोकसमूहाची वहिवाट आपल्या तलवारीच्याहि वर मानली, ही गोष्ट युरोपच्या इतिहासांत मोठी आहे. सामी तिला आपली सनद मानतात.

परंतु सनद लिहिणारे गेले आणि वाचणारे बदलले. तोंपर्यंत स्वीडनमधील सामी घराणीं आपापल्या पट्टीचा कर भरीत, ती पट्टी मुलांस वारशानें जाई, आणि तंटा झाल्यास स्थानिक न्यायालय तिचा निवाडा करी. एकोणिसाव्या शतकांत विचारांचा ओघ पालटला. जो नांगरतो तोच जमिनीचा धनी, फिरता मनुष्य हा केवळ वापर करून पुढें जाणारा, असें मत अधिकाऱ्यांत रूढ झालें. १८८६ च्या कायद्यानें सामींना चराईचा हक्क ठेवला, पण घराण्याघराण्यांच्या पट्ट्या मोडून तो एक सामुदायिक हक्क केला. आणि मालकी सरकारची मानली जाऊं लागली. कानामागून आली आणि तिखट झाली, या म्हणीचा प्रत्यय यावा अशीच ही गति होती. इकडे सीमाहि बंद होऊं लागल्या. १८५२ मध्यें रशियानें आपल्या ताब्यांतील फिनलंड व नॉर्वे यांच्यामधील सीमा कळपांना बंद केली, आणि १८८९ मध्यें स्वीडनकडूनहि फिनलंडची वाट बंद झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं नवे भेट देणारे आले. लुलेओ बंदरापासून नॉर्वेच्या नार्विकपर्यंत खाणींच्या लोखंडासाठीं रेल्वे झाली आणि तिच्या डब्यांतून हौशी गिरिप्रवासीहि येऊं लागले. १९०९ मध्यें स्वीडननें एकदम नऊ राष्ट्रीय उद्यानें जाहीर केलीं. युरोपांतील हीं पहिलीं. त्यांत सारेक आणि स्तोरा शोफालेट हीं होतीं. निसर्ग मूळ स्थितींत राखावा हा त्यांचा उद्देश उदात्त होता. पण त्या 'मूळ स्थितींत' मनुष्य कोठें बसतो, याचा विचार कोणी फारसा केला नाहीं. नांवांतच पाहा. 'स्तोरा शोफालेट' या स्वीडिश नांवाचा अर्थ सरोवराचा मोठा धबधबा. सामी भाषेंत त्याच जागेचें नांव 'स्तुओर मुओर्क्के'. त्याचा अर्थ दोन पाण्यांमधील मोठा खुष्कीचा पट्टा, जेथें होडी पाण्याबाहेर काढून खांद्यावर न्यावी लागते. एकानें उभें राहून दृश्य पाहिलें. दुसऱ्यानें पलीकडे जाण्याची वाट सांगितली.

धबधब्याचें भाग्य तरी काय? उद्यान जाहीर होऊन दहा वर्षें झालीं नाहींत तोंच, १९१९ मध्यें, स्वीडनच्या पार्लमेंटनें त्या उद्यानांतून वरचीं सरोवरें वगळलीं आणि विजेसाठीं सुओर्वा येथें धरण बांधावयास घेतलें. धबधबा आटला. धरणाची उंची पुढें पुन्हा पुन्हा वाढविण्यांत आली आणि कांठावरील सामी कुटुंबांना आपलीं घरें एकदां नव्हे, अनेकदां वर हलवावीं लागलीं. जुन्या चुली, चराईचीं कुरणें व मासेमारीच्या जागा पाण्याखालीं गेल्या.

त्याच १९१९ मध्यें दुसरीहि गोष्ट घडली. नॉर्वे १९०५ मध्यें स्वीडनपासून वेगळा झाला होता, आणि आपल्या किनाऱ्यावर येणारे स्वीडनमधील सामींचे कळप त्याला नकोसे झाले होते. दोन्ही सरकारांनीं करार करून त्यांची संख्या ठरविली. तेव्हां उत्तर टोंकांतील कारेसुआंदो परिसरांतून शेंकडो सामींना दक्षिणेकडे, योकमोक व त्याहि पलीकडच्या मुलखांत हलविण्यांत आलें. कित्येकांनीं आपलें सामानसुमान पुढच्या उन्हाळ्यांत येऊंच या भरंवशानें किनाऱ्यावर ठेवलें होतें. ते परत गेले नाहींत. नव्या जागीं आधींच दुसऱ्या सामींची वहिवाट होती. बोली निराळी, कळप राखण्याची रीत निराळी. एकाच्या अन्यायांतून दुसऱ्याशीं वितुष्ट निर्माण झालें. एलिन आन्ना लब्बा या सामी लेखिकेनें या स्थलांतराच्या आठवणी गोळा करून लिहिलेल्या ग्रंथास २०२० मध्यें स्वीडनचें आउगुस्त पारितोषिक मिळालें, तेव्हां हा इतिहास स्वीडनमधील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांस प्रथमच कळला.

सामी मात्र मुके नव्हते. युहान तुरी या लांडग्यांच्या शिकाऱ्यानें आपल्या लोकांचें जीवन सामी भाषेंत लिहून काढलें आणि १९१० मध्यें तें पुस्तक प्रसिद्ध झालें. डेन्मार्कच्या एमिली डेमान्त या चित्रकर्तीनें त्याला तें पुरें करण्यास साहाय्य केलें. सामींविषयीं सामीनेंच सांगावें, हा त्यामागचा विचार होता. एल्सा लाउला या सुईणीचें शिक्षण घेतलेल्या स्त्रीनें १९०४ मध्यें जमिनीच्या हक्कांवर पत्रक काढलें. तिच्याच पुढाकारानें ६ फेब्रुवारी १९१७ रोजीं नॉर्वेच्या ट्रोंडहाइम शहरांत सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सामींची पहिली परिषद भरली. तो दिवस आतां सामींचा राष्ट्रीय दिन आहे. पांचच वर्षांनीं, १९२२ मध्यें, उप्साला येथें वंशशास्त्राची सरकारी संस्था निघाली आणि तिच्या लोकांनीं सामी आबालवृद्धांचीं डोकीं मोजण्यास सुरुवात केली, हेंहि विसरतां येत नाहीं. ज्या लुक्सेलेच्या दलदलींतून लिनीयस मागें फिरला, तेथील जुन्या दफनभूमींतून उचलून नेलेले २५ सामींचे अवशेष २०१९ मध्यें पुन्हा त्याच मातींत ठेवण्यांत आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारें हळूहळू फिरलें. नॉर्वेंत आल्टा नदीवरील धरणाविरुद्ध १९७९ पासून झालेल्या सत्याग्रहानें व उपोषणानें सामींचा प्रश्न जगापुढें आला. धरण झालें, पण १९८९ मध्यें नॉर्वेंत सामींची निवडून दिलेली सभा स्थापन झाली. स्वीडनमध्यें १९९३ त आणि फिनलंडमध्यें १९९६ त तशाच सभा आल्या. न्यायालयांत मात्र वाट खडतर होती. स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८१ मध्यें येम्टलंडमधील सामींचा मालकीचा दावा फेटाळला. परंतु भटकें जीवन जगणाऱ्यांनाहि दीर्घ वापरानें हक्क मिळूं शकतो, हें तत्त्व त्याच निकालांत मान्य केलें. बीज तेथें पडलें.

१९९३ मध्यें सरकारनें डोंगरांतील लहान शिकार सर्वांना खुली केली. येलिवारे परिसरांतील गिर्यास या सामी चराईसमूहानें २००९ मध्यें सरकारवर फिर्याद केली. आमच्या चराईच्या मुलखांत शिकारीचे व मासेमारीचे परवाने देण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच प्रश्न होता. उत्तरासाठीं न्यायालयाला शेंकडो वर्षांचे कागद चाळावे लागले. २३ जानेवारी २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या भागांतील सामींचा हा हक्क अनादि वहिवाटीनें सिद्ध झालेला होता. पुढें तो कोणी रीतसर काढून घेतलेला नाहीं. म्हणून परवाने देण्याचा अधिकार एकट्या गिर्यासचा. ज्या समाजांत लेखी कागद करण्याची चाल नव्हती, त्याच्याकडे लेखी पुराव्याचा हट्ट धरतां येत नाहीं, हेंहि न्यायालयानें ध्यानांत घेतलें. निकाल एका समूहापुरता होता. परंतु ओत्तारनें 'ओसाड' म्हटल्याला अकराशें वर्षें होऊन गेल्यावर राज्याच्या श्रेष्ठ न्यायासनानें तो शब्द एका मुलखापुरता तरी मागें घेतला.

लापोनियाचा कारभारहि याच दिशेनें वळला. १९९६ मध्यें निसर्ग आणि संस्कृति या दोन्ही कसोट्यांवर युनेस्कोनें त्याला जागतिक वारशाच्या यादींत घातलें. मग तें कोणीं सांभाळावें, यावर पुष्कळ वर्षें वाद चालला. अखेर सामींचे चराईसमूह, दोन नगरपालिका, प्रांत व सरकार यांची एक संयुक्त संस्था झाली. तिच्या मंडळांत सामींचें बहुमत आहे आणि निर्णय मतमोजणीनें नव्हे, तर सर्वांच्या संमतीनें होतात. योकमोकचें संग्रहालय १९८९ पासून हाच इतिहास दाखवीत आहे. 'आय्त्ते' हें त्याचें नांव. त्याचा सामी अर्थ कोठार.

म्हणून सारें सुरळीत झालें असें मात्र नव्हे. हवामान तापूं लागल्यानें भर हिंवाळ्यांत पाऊस पडतो, तो गोठून बर्फावर कवच धरतो, आणि रेनडिअरचें खूर तें फोडूं शकत नाहीं. खालीं चारा असून वर जनावर उपाशी. २०२२ मध्यें सरकारनें योकमोकजवळ गाल्लोक येथें लोखंडाच्या खाणीसाठीं अटींसह परवानगी दिली. ती जागा कळपांच्या हिंवाळी वाटेवर आहे. जगाला धातु हवा, वीज हवी आणि शुद्ध रानहि हवें. या तिन्ही गोष्टी त्याच पट्टींतून काढावयाच्या, आणि त्या पट्टीचा मालक मात्र चौथाच, असा हा पेंच आहे. त्यांतून मार्ग काढतांना १७५१ च्या त्या दोन राजांइतकी समज आजची राज्यें दाखवितील कीं नाहीं, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे.

या मुलखास जाणाऱ्यानें अवश्य जावें. तेथील आकाश, पाणी आणि शांतता यांचें मोल मोठें आहे. विणीच्या दिवसांत कळपांपासून दूर राहावें, बरोबर कुत्रा असल्यास तो बांधून ठेवावा, आणि दूरवर जनावरें दिसलीं तर खालीं बसून त्यांना जाऊं द्यावें, एवढें पथ्य सामी सांगतात. सरोवराच्या कांठीं गवतांत दगडांचें वर्तुळ दिसलें तर त्यांतला दगड उचलूं नये. तेथें कोणाच्या तरी पणजीनें भाकरी भाजली आहे, आणि तिचीं पणतवंडें पुढच्या उन्हाळ्यांत त्याच वाटेनें कळप घेऊन येणार आहेत.